रॉबर्ट बॉश

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सर्वांना एका थोर माणसाची माहिती लिहून आणायला सांगितली. कुणी छत्रपती शिवाजी महाराज घेतले, कुणी सावित्रीबाई फुले, कुणी लोकमान्य टिळक. मी रॉबर्ट बॉश यांची माहिती लिहिली आहे. ते जर्मनी देशातले होते. त्यांचे नाव मला आमच्या जीपमुळे कळले. ते कसे, ते आधी सांगतो.

आमची जीप खूप जुनी आहे. ती डिझेलवर चालते. दादा तिच्यातून दर गुरुवारी माणसांना बाजाराला नेतात. त्यावरच आमचं घर चालतं. पावसाळ्याच्या तोंडाला जीपखाली डिझेलचे थेंब पडू लागले. सकाळी गाडी लवकर चालूच होईना. दादांनी साबण लावून पाहिला, पण तो वाहून गेला. मग मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पंप पुसून कोरडा केला आणि मला खडूची पूड आणायला सांगितली. मी गुरुजींना विचारून खडूचे तुकडे आणले आणि कुटले. ती पूड पंपावर टाकून गाडी चालू केली, तर जिथून गळत होतं तिथलीच पूड ओली झाली. तिथल्या आतलं रबराचं कडं जुनं होऊन कडक झालं होतं.

दादांना वाटलं, इथंच अंगणात खोलावं म्हणजे पैसे वाचतील. पण मिस्त्री नको म्हणाले. बाहेर वारं होतं आणि पंपात धुळीचा कण गेला तरी पंप खराब होतो. त्यांनी पंपावर आणि इंजिनवर मिळून एक रेघ मारली. परत बसवताना रेघेला रेघ जुळवायची असते, नाहीतर डिझेल चुकीच्या वेळी जातं. मग पंप काढून धुतलेल्या फडक्यात गुंडाळला आणि तालुक्याला नेला. मीही दादांबरोबर गेलो. तिथे पंपाची खोली वेगळी आहे. देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागतात. कडं बदलल्यावर त्यांनी पंप एका यंत्रावर चढवला. त्याला काचेच्या चार नळ्या होत्या. चारही नळ्यांत डिझेल सारखं पडलं म्हणजे पंप बरोबर.

बुधवारी संध्याकाळी मिस्त्री पंप बसवायला आले, तर डिझेलच्या पायपाचा तांब्याचा एक वायसर सापडेना. थाळीत दोन ठेवले होते, आता एकच होता. मिस्त्रींनी बॅटरी घेऊन अंगण शोधलं. आईने चाळण आणून माती चाळली. तो वायसर माझ्या खिशात होता. अंगठीसारखा चमकत होता म्हणून पंप काढला त्या दिवशीच मी तो घेतला होता. मला भीती वाटली. मी गप्प बसलो. तालुक्याची दुकानं बंद झाली होती. गुरुवारचा बाजार बुडाला. पहाटे माणसं आली आणि परत गेली. कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आलेली एक म्हातारी आजी पण परत गेली. तेव्हा मला राहवेना. मी वायसर दादांच्या हातात दिला. दादांनी मारलं नाही, पण दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

शुक्रवारी मी शाळेत गप्प गप्प होतो. गुरुजींनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मग त्यांनी मला असले पंप बनवणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच मी पुढे लिहीत आहे.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळ आल्बेक या खेड्यात झाला. त्यांचे वडील शेती करत आणि वाटसरूंसाठी खाणावळही चालवत. त्यांना १२ मुले होती. त्यात रॉबर्ट अकरावे. म्हणजे तेही आपल्यासारखे खेड्यातलेच होते.

शाळा संपल्यावर ते उल्ममध्ये बारीक यंत्रे बनवणाऱ्या एका कारागिराकडे काम शिकायला राहिले. पण तो मालक नीट शिकवत नसे. ही गोष्ट रॉबर्ट कधी विसरले नाहीत. पुढे १९१३ साली त्यांनी आपल्या कारखान्यात शिकाऊ मुलांसाठी वेगळी कार्यशाळाच काढली. काम शिकण्यासाठी ते तरुणपणी अमेरिकेला आणि इंग्लंडला जाऊन आले. अमेरिकेत त्यांनी एडिसन यांच्या कारखान्यात काम केले. विजेचे दिवे करणारे एडिसन ते हेच.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्ट शहरात स्वतःचे छोटे दुकान सुरू केले. त्यांच्याबरोबर एक कारागीर आणि एक पोऱ्या होता. ते टेलिफोन आणि विजेच्या घंटा बसवत असत. सायकलवर बसून ते गिऱ्हाइकांकडे जात आणि काम कसे झाले ते पाहत. मधे असे वाईट दिवस आले की बऱ्याच कामगारांना काढावे लागले. तरी त्यांनी दुकान बंद केले नाही.

इंजिनमध्ये पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. ती ठिणगी पाडणारे यंत्र बॉश यांनी १८८७ साली बनवले. १८९७ साली ते गाडीवर बसवले. १९०२ साली त्यांच्याकडच्या होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने त्यात आणखी सुधारणा केली. मग त्यांचा माल देशोदेशी जाऊ लागला. पैसा आला तेव्हा ते कामगारांना विसरले नाहीत. १९०६ साली त्यांनी कारखान्यात ८ तासांचा दिवस सुरू केला. त्या काळी दुसरीकडे याहून जास्त तास राबावे लागे.

आता डिझेलचे सांगतो. डिझेलच्या इंजिनला ठिणगी लागत नाही. आतली हवा इतकी दाबतात की ती तापून लाल निखाऱ्यासारखी गरम होते. मग डिझेल आत गेले की आपोआप पेटते. हे इंजिन रुडॉल्फ डिझेल यांनी केले. १८९७ साली आउग्सबुर्ग शहरात ते चांगले चालले. पण डिझेल आत ढकलायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी एक जड यंत्र बरोबर ठेवावे लागे. ते जहाजात, कारखान्यात ठीक होते. ट्रकवर कुठे बसणार?

१९२२ साल संपता संपता बॉश यांनी ठरवले, की यासाठी छोटा पंप करायचा. दुसरे लोकही तसा प्रयत्न करत होते. पाच वर्षे काम चालले. १९२७ साली त्यांच्या कारखान्यात पंप बनायला लागले. ते आधी ट्रकवर बसले. १९३६ साली मर्सिडीझ कंपनीची डिझेलची मोटारही आली. तिच्यातही बॉश यांचाच पंप होता.

या पंपात बोटाएवढे पोलादी दट्टे असतात. दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात फट किती असते, माहीत आहे? पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे १००० भाग केले, तर त्यातले २ किंवा ३ भाग. मधे रबर नाही, काही नाही. म्हणून तर धूळ चालत नाही. मला आता कळले, मिस्त्री अंगणात पंप का खोलत नव्हते.

बॉश यांची एक गोष्ट सांगतात. एकदा कारखान्यात त्यांना जमिनीवर कागदाला लावायची एक टाचणी दिसली. त्यांनी ती उचलली आणि एका कामगाराला विचारले, हे काय आहे. तो म्हणाला टाचणी आहे. तेव्हा बॉश म्हणाले की नाही, हे माझे पैसे आहेत. ते ऐकून मी खाली मान घातली. कारण मला आमच्या बाजाराचे पैसे आठवले.

पण ते चिकट नव्हते. पहिल्या महायुद्धात झालेला नफा त्यांनी लोकांच्या कामासाठी दिला. स्टुटगार्टला दवाखाना बांधला, तो १९४० साली सुरू झाला. १२ मार्च १९४२ रोजी ते वारले. तेव्हा ते ८० वर्षांचे होते. त्यांच्या कंपनीचा मोठा वाटा आता लोकोपयोगी काम करणाऱ्या संस्थेकडे आहे. आपल्या देशात बंगळूरलाही त्यांच्या कंपनीचे काम सुरू झाले. आपल्या नाशिकलाही तिचा कारखाना आहे.

आता आमच्या जीपचं काय झालं ते सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्रींनी तो वायसर आईच्या चुलीत लाल केला आणि गार केला. त्याने तांबं मऊ होतं आणि घट्ट बसतं. रेघेला रेघ जुळवली. मग पायपातली हवा काढायची होती. ती दांडी मी दाबली. आधी फेस आला, मग बुडबुडे आले, मग नितळ डिझेल आलं. दादांनी चावी फिरवली आणि गाडी चालू झाली. मिस्त्रींनी पुन्हा खडूची पूड टाकली. ती कोरडीच राहिली. पुढच्या गुरुवारी कोथिंबिरीच्या आजीला दादांनी पुढं बसवलं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामातली वस्तू छोटी असली तरी उचलू नका. आणि उचललीच तर लगेच परत द्या. आता मिस्त्री आले की दादा थाळी माझ्याच हातात देतात. मी नट, बोल्ट, वायसर सगळे मोजून ठेवतो.

– इयत्ता ४ थी