कर्करोग-संशोधकांचे गुरू : डॉ. वसंत रामजी खानोलकर

ज्ञात असलेले दुसऱ्यास सांगणे हे शिक्षकाचे नित्याचे काम होय. परंतु जे अद्याप कोणासच ज्ञात नाही ते शोधावे कसे, हे शिकविणारा गुरू विरळा. अशा एका गुरूचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १८९५ साली झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. रोगामुळे शरीराच्या घटकांत कोणते फेरफार होतात याचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र. स्वदेशी परतल्यावर मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेज व सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेज येथे त्यांनी हा विषय शिकविला. १९४१ साली परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

रुग्णाच्या गाठीचा लहानसा तुकडा काढावा, तो मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप घ्यावे, त्यांस रंग द्यावा व सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, ही विकृतिशास्त्राची रीत. रोग कर्काचा आहे की नाही, हे तेथे कळते. परंतु तो याच माणसास, याच जागी का झाला, हे काचपट्टी सांगत नाही. त्यासाठी रुग्णाकडेच वळावे लागते.

१९४४ साली डॉक्टरांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. हे रुग्ण निवडून घेतलेले नव्हते. जसे आले तसे ओळीने मोजलेले होते. आपल्या मताला सोयीचे तेवढे वेचावयाचे नाही, हा संशोधनाचा पहिला धडा त्यात आहे. पुढील वर्षी त्यांनी एका सहकाऱ्यासह लोकांच्या रूढींशी जोडलेल्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. आंध्रात चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूस, चुन्यात मळलेली तंबाखू ओठाआड ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाच्या आत, आणि धोतर घट्ट कसून नेसणाऱ्यांच्या कमरेस, जेथे वर्षानुवर्षे कातडी घासली जाते तेथे, रोग उद्भवलेला त्यांना आढळला. हा माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हे विचारणे हा दुसरा धडा.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. डॉक्टर त्याचे पहिले संचालक झाले. शिष्य निवडताना त्यांनी केवळ वैद्यकाच्या पदवीकडे पाहिले नाही. कमल रणदिवे यांनी एम. एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला होता. त्यांनी डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर संशोधन करून १९४९ साली डॉक्टरेट मिळविली, पुढे अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या आत्मसात केली आणि परत येऊन केंद्रात तिची प्रयोगशाळा उभारली.

दुसऱ्या शिष्या सत्यवती शिरसाट. ज्या विकारात तोंडाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, त्याचा त्यांनी गुरूंसह अभ्यास केला. तेव्हा संशय मिरचीच्या तिखटावर होता. तो नुसता बोलून न दाखविता उंदरांवर प्रयोग करून १९६० साली त्यांनी प्रसिद्ध केला. पुढील संशोधकांच्या पुराव्याने मात्र मुख्य दोष सुपारीकडे गेला. यात गुरूंस कमीपणा नाही. पुढच्यास तपासता येईल असे लिहून ठेवणे, हाच तिसरा धडा होय.

१९६० ते १९६३ या काळात डॉक्टर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. नंतर राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांचा गौरव झाला. १९६६ साली रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. १९७८ साली डॉक्टर निवर्तले. त्या संस्थेची खारघर येथील शाखा आज कर्करोगाचे संशोधक घडवीत आहे.

हे चरित्र लिहिताना आम्हांस स्वतःची लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे. सारा जन्म आम्ही फळ्यापाशी काढला. विद्यार्थ्यांकडून उत्तरे पाठ करून घेतली. प्रश्न विचारणाऱ्यास पुष्कळदा खाली बसविले. वाडवडिलांपासून चालत आले म्हणून त्याकडे डोळे उघडून पाहावयाचे नाही, ही सवय आम्हीच लावली. आपल्या मंगलकार्यात पानसुपारीचे तबक फिरते, त्यात तंबाखूची डबीही असते. घरातील वृद्धा मिसरी लावतात. तोंडातील पांढरा चट्टा दिसला तरी लोक काय म्हणतील म्हणून महिनोन्महिने लपविला जातो.

समाजबांधवांस आमची विनंती इतकीच की यंदाच्या कार्यात ते तबक बाजूस ठेवावे. चट्टा दिसताच डॉक्टरांस दाखवावा. आणि आपल्या मुलामुलींपैकी कोणी असे का, म्हणून विचारील, तर त्यास खाली बसवू नये.