हिरव्या ट्रॅक्टरवरचं नाव एका कर्जबाजारी लोहाराचं! जॉन डिअरने आयुष्यात एकही ट्रॅक्टर बनवला नव्हता

गावातून हिरवा, पिवळ्या चाकांचा ट्रॅक्टर गेला की लहान पोरगंसुद्धा कंपनीचं नाव सांगतं. आपल्या पुणे जिल्ह्यात सणसवाडीला या कंपनीचा कारखाना आहे. पण जॉन डिअर हे नुसतं कंपनीचं नाव नाही. तो अमेरिकेतला हाडामांसाचा लोहार होता, आणि डोक्यावर कर्ज घेऊन गाव सोडून निघालेला माणूस होता.

जॉनचा जन्म 7 फेब्रुवारी 1804 चा, व्हरमाँट राज्यातल्या रटलंडचा. बाप शिंपी. जॉन चार वर्षांचा असताना बाप जहाजाने इंग्लंडला निघाला तो परत आलाच नाही. समुद्रातच गेला असावा असं घरच्यांनी धरलं. आईने शिवणकाम करून पोरं वाढवली. सतराव्या वर्षी जॉन मिडलबरी गावात एका लोहाराच्या हाताखाली लागला आणि चार वर्षं काम शिकला. हात चांगला होता. 1827 साली डिमेरियस लँब हिच्याशी लग्न झालं.

पण धंद्यात बरकत नव्हती. दुकान टाकलं ते जळालं, पुन्हा उभं केलं तेही जळालं. देणी वाढत गेली. कर्ज थकलं तर तुरुंगात टाकायचा कायदा तेव्हा तिथे होता. 1836 साली एका सावकाराने कोर्टात खेचल्यावर जॉनने दुकान सासऱ्याला विकलं आणि एकट्यानेच हजार किलोमीटरहून लांब पश्चिमेकडची, इलिनॉय राज्याची वाट धरली. खिशात होते 73 डॉलर. मागे चार लेकरं आणि पोटुशी बायको. याला पळून जाणं म्हणा किंवा नशीब काढायला जाणं म्हणा, मागे घर सांभाळलं ते डिमेरियसने.

तो पोचला ग्रँड डीटूर या नव्याने वसत असलेल्या खेड्यात. तिथला लिओनार्ड अँड्रस हाही मूळचा व्हरमाँटचाच. गावात लोहार नव्हता, त्यामुळे काम लगेच मिळालं. आणि कामाबरोबर शेतकऱ्यांचं रडगाणंही ऐकायला मिळालं.

रडगाणं मातीचं होतं. पूर्वेकडची जमीन रेताड, हलकी. तिथून आणलेला बिडाचा नांगर इथल्या काळ्या चिकण रानात चालेना. वाफसा नसताना आपल्या काळ्या रानात पाऊल टाकलं की चप्पल जशी जड होते, तशी माती नांगराच्या पात्याला चिकटायची. दर थोड्या पावलांवर जनावरं थांबवून ती खरवडायची. कंटाळून काही जण रान सोडून जायच्या विचारात होते.

1837 साली जॉनने लाकूड कापायच्या गिरणीतलं एक मोडलेलं पोलादी करवतीचं पातं उचललं. दाते काढून टाकले, पातं बाक देऊन वळवलं आणि नांगराला बसवलं. पोलाद गुळगुळीत असल्याने माती चिकटेना, पलटून बाजूला पडायची. पोलादी नांगराचा पहिला प्रयोग मात्र त्याचा नव्हे. जॉन लेन नावाच्या माणसाने इलिनॉयमध्येच 1833 ला तसा नांगर केला होता. पण जॉन एका नांगरावर थांबला नाही. लोहार एरवी ऑर्डर आली की वस्तू करतो. हा आधी नांगर बनवायचा, मग गाडीत घालून शेतकऱ्यांच्या दारात न्यायचा.

1838 साली बायको पाच लेकरांना घेऊन घोडागाडीतून आली. पाचवा चार्ल्स. बाप गेल्यावर जन्मलेला. बापाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वर्षाच्या पुढे गेला होता. हे पोर ध्यानात ठेवा.

धंदा वाढला. 1842 ला शंभर नांगर झाले. अँड्रसशी भागीदारीही होती. पण पोलाद आणायला आणि माल पाठवायला ग्रँड डीटूर अडचणीचं होतं. 1848 ला जॉनने भागीदारी मोडली आणि मिसिसिपी नदीच्या काठी मोलीनला कारखाना हलवला. नदीचं पाणी यंत्राला, नदीचीच वाट मालाला. पुढच्याच वर्षी 2,136 नांगर निघाले. मात्र त्याच 1848 साली थोरला मुलगा फ्रान्सिस ऐन तारुण्यात वारला.

जॉनचा स्वभावही सोपा नव्हता. नांगरात सारखे बदल करायचा. भागीदार वैतागायचे, की शेतकरी आहे तो माल घेतोय, मग पैसा कशाला घालवायचा? जॉनचं उत्तर ठरलेलं, आपण सुधारणा केली नाही तर दुसरा करेल आणि आपलं गिऱ्हाईक जाईल. पटण्यासारखंच. पण हिशेबाच्या वहीकडे त्याचं तेवढं लक्ष नसायचं. 1857 साली अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या. उधारी वसूल होईना, देणेकरी दारात. पन्नाशी ओलांडलेला जॉन पुन्हा वीस वर्षांपूर्वीच्याच ठिकाणी येऊन उभा.

आता मात्र घरात चार्ल्स होता. शिकागोला जाऊन हिशेबनिशी शिकलेला, वय फक्त 21. 1858 ला बापाने धंद्याचा कारभार त्याच्या हाती दिला. चार्ल्सने देणी निस्तरली, विक्री बसवली. 1868 ला रीतसर कंपनी झाली, तिचा अध्यक्ष जॉन. पण घोडं हाकत होता चार्ल्सच. एका शेजारच्या कारखान्याने नांगराला मोलीनचंच नाव लावलं म्हणून कोर्टबाजी झाली, तीत डिअर हरले. पुढे 1876 ला उडी मारणाऱ्या हरणाचं चिन्ह नोंदवलं. डिअरचा उच्चार इंग्रजीतल्या हरणासारखाच ना!

डिमेरियस 1865 ला गेली. पुढे जॉनने तिच्याच धाकट्या बहिणीशी, लुसिनियाशी लग्न केलं. 1873 ला तो मोलीनचा नगराध्यक्ष झाला. 17 मे 1886 ला तिथेच त्याने प्राण सोडले.

चार्ल्सने 1907 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत कंपनी चालवली. त्याला मुलगा नव्हता, दोन मुलीच. त्यामुळे गादीवर आला जावई विल्यम बटरवर्थ. त्याच्याच काळात, 1918 साली, कंपनीने वॉटर्लू गावातला ट्रॅक्टरचा कारखाना विकत घेतला. जॉन डिअर जाऊन तेव्हा 32 वर्षं झाली होती.