संघात घेतले, पण कर्णधार केले नाही!

क्रिकेटमध्ये जात नसते, तिथे फक्त गुणवत्ता चालते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. आरक्षणाचा विषय निघाला की उच्चवर्णीय मित्र हमखास क्रिकेट संघाचे उदाहरण देतात. संघात राखीव जागा ठेवल्या तर देश हरेल, हा त्यांचा ठरलेला युक्तिवाद. अशा मित्रांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर फिरकी गोलंदाज कोण? बहुतेकांना उत्तर येत नाही. आमच्या कार्यकर्त्यांपैकीही अनेकांना येत नाही, हे अधिक दुःखाचे आहे. उत्तर आहे, बाळू पालवणकर.

बाळूंचे घराणे चर्मकार समाजातले, कोकणातल्या पालवण गावचे. जन्म मात्र धारवाडचा, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. इंग्रजांच्या छावणीत अस्पृश्यांच्या मुलांना दोन गोष्टी पाहायला मिळाल्या, एक शाळा आणि दुसरा खेळ. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी याच छावणीच्या व्यवस्थेतून शिकले. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत व विठ्ठल पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर खेळ शिकले.

क्लबमध्ये बाळूंचा प्रवेश खेळाडू म्हणून झाला नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. पुण्यातल्या पारशांच्या एका क्लबात ते खेळपट्टी झाडायचे, रोलर ओढायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तेथे चार रुपये मिळू लागले. नेट लावायचे, खेळपट्टी आखायची, आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचा. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नावाजलेला फलंदाज. तो सकाळी लवकर येऊन बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देई, अशी कथा सांगितली जाते. हजारो चेंडू टाकून बाळूंची बोटे तयार झाली. पण त्या नेटमध्ये त्यांच्या हाती कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा खेळ आणि गोलंदाजी हे राबणाऱ्यांचे काम, अशी ही सरळ वाटणी होती.

मग पुण्याच्या हिंदूंच्या क्लबला पेच पडला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत, आणि बाळूंना घ्यायचे तर धर्म बुडतो! तेलुगू सभासद बाळूंच्या बाजूचे होते, मराठी ब्राह्मण सभासद विरोधात. शेवटी बाळूंना संघात घेतले गेले. आम्ही हे हृदयपरिवर्तन मानत नाही. ती जिंकण्याची गरज होती. कारण मैदानावर ज्या चेंडूला ब्राह्मणाचा हात लागत होता त्याच चेंडूला बाळूंचा हात चालत होता, पण चहाची सुट्टी झाली की बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर. इतरांना चिनी मातीच्या कपात चहा, बाळूंना एकदा वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. हात धुवायला पाणी हवे असेल तर ते अस्पृश्य नोकराने आणून घालायचे. जेवणाचे टेबल वेगळे. चेंडू विटाळत नाही आणि कप विटाळतो, हे शास्त्र कोणत्या स्मृतीत लिहिले आहे ते आम्हाला कायद्याच्या अभ्यासातही सापडले नाही. बरोबर खेळता तर बरोबर खायला काय हरकत, या अर्थाचे न्यायमूर्ती रानडे यांनी सभासदांना सुनावल्याचे सांगितले जाते.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यासही काही सभासदांनी विरोध केला, कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला म्हणून ते आले. पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. आमच्या मते क्लबच्या संस्कृतीत खरा फरक इथे पडू लागला. जिमखाना जातीधर्माच्या सभासदांचा, रेल्वेचा संघ नोकरांचा. तिथे निदान हजेरीपटावर सगळे एका रांगेत होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. पहिल्या डावात २४२ आणि १९१, दुसऱ्यात १६० आणि १०२. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, शिवरामही संघात होते. सुधारकांना आनंद झाला, कारण पुण्यात बाहेर बसवलेल्या माणसाबरोबर मुंबईच्या जिमखान्यात आता सवर्ण जेवू लागले होते. १९०७ पासून तिरंगी आणि १९१२ पासून चौरंगी सामने सुरू झाले, आणि हिंदूंच्या संघाचा आधार हा अस्पृश्य गोलंदाज होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले. हरणाऱ्या या संघात बाळूंनी ११४ बळी घेतले! केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. बाबासाहेबांच्या त्या वयात समाजाकडे अभिमानाने दाखवावा असा हाच एक माणूस होता.

आता कर्णधारपदाचे पाहू. १९१० पासून जवळजवळ दरवर्षी बाळूंच्या नावाची मागणी होत होती आणि दरवर्षी निवड समिती ती टाळत होती. वय, अनुभव, बळी, सगळे बाळूंच्या बाजूला. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या म. द. पै यांनी तर आपल्याच सत्कारात जाहीर सांगितले की, ज्येष्ठ म्हणून हा मान बाळूंचा होता. पैंचा हा प्रामाणिकपणा आम्ही मान्य करतो. पण समिती हलली नाही. गोलंदाजाने बळी घ्यायचे असतात, कर्णधाराने हुकूम द्यायचा असतो. अस्पृश्याने बळी घेतले तर चालते. त्याचा हुकूम ब्राह्मणाने ऐकायचा, हे कसे चालेल?

आम्ही स्वतः कॉलेजात असताना एका क्लबच्या निवड चाचणीला गेलो होतो. पहिला चेंडू टाकण्याआधी आडनाव विचारले गेले. चेंडू पुढे कोणी पाहिलेच नाहीत. (ते फारसे पाहण्यासारखे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.)

१९२० साल चळवळीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाला. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली. त्याच वर्षाअखेर मुंबईच्या चौरंगी सामन्यांत बाळूंना संघातून वगळले गेले. पै आजारी होते, म्हणून कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर चांगले फलंदाज होते, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण शिवराम आणि विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ होते. दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. अर्ज नाही, विनंती नाही, सरळ बहिष्कार. मग काय झाले? पुढच्या, पारशांविरुद्धच्या सामन्यासाठी बाळू संघात परत आले, तेही उपकर्णधार म्हणून. भाऊही परतले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी हिंदूंच्या संघाचे नेतृत्व केले. जे दहा वर्षांच्या बळींनी मिळाले नाही ते एका बहिष्काराने मिळाले, तेही तासांच्या हिशेबाने! १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. विठ्ठलरावांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले, ते आमच्या वाचनालयांतून असायला हवे.

आता अवघड भाग. तो टाळून बाळूंचे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाळू राजकारणात बाबासाहेबांबरोबर राहिले नाहीत. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता, धर्मांतरालाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. आणि १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५.

या एका कारणाने आमच्यातल्या अनेकांनी बाळूंना वगळून टाकले. आम्ही तसे करणार नाही. बाळूंनी आपल्या आयुष्यात दार हळूहळू उघडताना पाहिले होते. पॅव्हेलियनबाहेरचा चहा, मग आतले जेवण, मग धाकट्या भावाचे कर्णधारपद. एवढे पाहिलेल्या माणसाला उरलेले दारही असेच उघडेल असे वाटले, तर त्यात लबाडी नव्हती. बाबासाहेबांचा प्रश्न मात्र दाराचा नव्हताच, निवड समितीत कोण बसतो हा होता. स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे आपला माणूस आपण निवडण्याचा हक्क, एवढीच ती मागणी. पुणे कराराने ती निवड संयुक्त मतदारांच्या हाती गेली. आणि पाहा, ज्या वर्गाने दहा वर्षे बाळूंना कर्णधार होऊ दिले नाही, त्याच वर्गाने समोर बाबासाहेब आहेत म्हटल्यावर नवा चेंडू तत्परतेने बाळूंच्या हाती दिला. या निवडीत मात्र त्यांची जात आड आली नाही!

बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, प्रत्येकी सरासरी पंधरा धावांत. १४ एप्रिलच्या आसपास वस्त्यावस्त्यांत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. आम्ही त्यांतल्या अनेकांच्या बक्षीस समारंभांना जातो. उत्कृष्ट गोलंदाजाच्या करंडकावर बाळूंचे नाव घाला, असे आम्ही मंडळांना सुचवतो. एका मंडळातल्या पोराने आम्हाला विचारले, सर, ते बाबासाहेबांच्या विरोधातले ना? त्याला १९३७ माहीत होते, १९२० नव्हते. आम्ही त्याला बाजूला बसवून दोन्ही सांगितले. यंदाचा करंडक त्याच नावाने दिला गेला.

अस्पृश्यता (अपराध) कायदा १ जून १९५५ रोजी अमलात आला. सार्वजनिक उपाहारगृहांत भांडी वापरण्यास आणि सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी प्रवेश करण्यास मज्जाव करणे त्या दिवसापासून गुन्हा ठरले, आणि करमणुकीच्या व्याख्येत कायद्याने खेळही घातला. पॅव्हेलियनबाहेरच्या त्या मातीच्या भांड्याला कायद्याने नाव मिळायला साठ वर्षे लागली. त्यानंतर महिनाभराने, ४ जुलै १९५५ रोजी, मुंबईत बाळूंचे निधन झाले.