हर्नहटचा पहारा

मिशनकार्याचा इतिहास शिकवताना आपण संडेस्कूलमध्ये बहुधा कॅरीसाहेबांपासून आरंभ करतो. त्यांच्या साठ वर्षे आधी जर्मनीतल्या हर्नहट या खेड्यातून मिशनरी निघाले होते, हे मागे पडते.

त्या खेड्याचे आश्रयदाते काउंट झिंझेनडॉर्फ १७०० साली ड्रेस्डेन येथे जन्मले. तान्हेपणीच वडील वारले. आजीने त्यांना भक्तीत वाढवले. हाल्ले येथील शाळेत आपल्या देशातील त्रांकेबार मिशनाच्या वार्ता त्यांच्या कानी पडत. पुढे कायद्याचा अभ्यास व दरबारी नोकरी झाली. तीत त्यांचे मन रमले नाही.

१७२२ साली मोरेव्हियातून छळामुळे परागंदा झालेले लोक त्यांच्या जमिनीवर येऊन राहिले. वसाहतीचे नाव पडले हर्नहट, म्हणजे प्रभूचा पहारा. नाव असे, पण पाच वर्षांत भांडणे इतकी विकोपाला गेली की एकाने काउंटनाच प्रकटीकरणातले श्वापद ठरवले! काउंट दरबार सोडून तेथे आले, घरोघरी जाऊन बसले, एकेकाचे ऐकून घेतले. १३ ऑगस्ट १७२७ रोजी प्रभुभोजनाच्या वेळी मने जुळली.

आम्हांला विशेष वाटते ते त्यानंतरचे. त्या दिवसाच्या आनंदावर ते विसंबले नाहीत. वेदीवरचा अग्नी विझू देऊ नये, हा लेवीयातील नियम त्यांनी मनावर घेतला. २७ ऑगस्टला चोवीस पुरुष व चोवीस स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेतले आणि प्रत्येक तासाला कोणीतरी प्रार्थनेत राहू लागले. भर थंडीत पहाटे तीनची पाळीही कोणाच्यातरी वाट्याला येतच असेल! पाच वर्षांनी, १७३२ साली, येथूनच दोघेजण वेस्ट इंडीजमधील गुलामांकडे निघाले.

पण पहारेकऱ्यालाही डुलकी लागते. १७४० नंतरच्या दशकात हर्नहाग या दुसऱ्या वसाहतीत ख्रिस्ताच्या जखमांवरील भक्तीला पोरकट लाडिकपणाचे रूप आले. त्या तरुणांचा पुढारी काउंटांचा मुलगा ख्रिस्तियान रेनाटस होता, आणि त्या भाषेला उत्तेजन खुद्द काउंटांचेच होते. हे झाकून ठेवणारी चरित्रे आम्हांला पसंत नाहीत. १७४९ साली त्यांनी कडक पत्र लिहून हा प्रकार थांबवला व मुलाला लंडनला आपल्याजवळ बोलावले. तेथेच १७५२ मध्ये तो चोविसाव्या वर्षी वारला.

काउंट ९ मे १७६० रोजी हर्नहट येथे प्रभूत निजले. त्या दिवशीही प्रार्थनेचे तास चालूच होते. ती पाळी सुमारे शंभर वर्षे चालली.