तराजूवरचे रॉकेट

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, ती काही केवळ फलाटावरचे वडे खपावेत म्हणून नाही. इथे तिला मागून बँकर इंजिने जोडतात. बोरघाटाचा चढ ही इंजिने गाडीला रेटून चढवतात आणि वर पोचल्यावर त्यांचे काम संपते. रॉकेटचे टप्पेही साधारण याच हिशेबाने चालतात. खालचा टप्पा वरच्याला रेटतो, इंधन संपले की गळून पडतो आणि पुढची चढण पुढचा टप्पा सांभाळतो. फरक एवढाच, की बँकर दुसऱ्या गाडीसाठी पुन्हा कर्जतला उतरतो; रॉकेटचा टप्पा अनेकदा समुद्रात जातो.

कर्जतचे रॉकेटशी नाते उपमेपुरते आहे, शेजारच्या खालापूरचे मात्र खरोखरचे. पाताळगंगेच्या खोऱ्यात मोहोपाड्याजवळ रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तो बंद करण्याचा निर्णय घेतला, पण त्यातले एक संयंत्र वगळले आणि ते इस्रोकडे सोपवायचे ठरवले. तिथे तयार होते नायट्रोजन टेट्रॉक्साइड. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातले ‘विकास’ इंजिन हे रसायन आणि हायड्रेझिनच्या जातीचे इंधन एकत्र आणून चालते. दोन्ही एकमेकांना भेटली की ठिणगीवाचून पेट घेतात.

असे इंजिन अवकाशात जाण्याआधी जमिनीला घट्ट बांधून चालवून पाहतात. रॉकेट जागेवरून हलत नाही, नुसते जळते आणि त्याचा जोर मोजला जातो. बातम्यांमध्ये या चाचणीला फारशी जागा मिळत नाही. ती मिळते चाचणी फसली तर. हे काम किती धोक्याचे आहे, ते जगाला पहिल्यांदा कळले १७ मे १९३० रोजी, बर्लिनमधल्या एका खासगी कंपनीच्या आवारात. त्या दिवशी मरण पावलेल्या माणसाचे नाव होते मॅक्स व्हॅलिए.

व्हॅलिएचा जन्म ९ फेब्रुवारी १८९५ चा. गाव बोझेन, दक्षिण टिरोलमधले. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आज इटलीत आहे. मुलाला लहानपणापासून आकाशाचे वेड. पण नुसते पाहून भागणारा तो नव्हता. शाळेत असतानाच तो यंत्रकाम शिकला आणि १९१३ मध्ये खगोलशास्त्र, गणित व भौतिकशास्त्र शिकायला इन्सब्रुकच्या विद्यापीठात दाखल झाला. वर्षभरात महायुद्ध पेटले. त्याला सैन्यात जावे लागले आणि तिथे हवाई दलासाठी हवामानाची निरीक्षणे करण्याचे काम मिळाले. युद्ध संपले तेव्हा साम्राज्य उरले नव्हते, पैसाही नव्हता. पदवी अर्धवट राहिली ती राहिलीच. व्हॅलिए लेखणीवर आणि जिभेवर जगू लागला. गावोगावी फिरून तो खगोलशास्त्रावर व्याख्याने देई, वृत्तपत्रांत लेख लिही. ऐकणाऱ्यांना खिळवून ठेवण्याची कला त्याच्यात होती. पारख मात्र तितकीशी नव्हती. विश्वाचा बराचसा भाग बर्फाचा बनला आहे, असे सांगणारा हान्स होरबिगरचा निराधार सिद्धांतही त्याने त्याच उत्साहाने लोकांपुढे मांडला. ही त्याची बाजू चरित्रकारांना अडचणीची वाटते, पण ती झाकून त्याचा स्वभाव कळत नाही.

१९२३ मध्ये हेरमान ओबेर्थ या शिक्षकाचे ग्रहांपर्यंत जाणाऱ्या रॉकेटवरचे पुस्तक निघाले. पानोपानी समीकरणे, सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरचे. व्हॅलिएने ते वाचले आणि त्याला आयुष्याचे काम सापडले. ओबेर्थशी पत्रव्यवहार करून त्याने तोच विषय सोप्या भाषेत लिहिला. १९२४ मध्ये आलेल्या या पुस्तकाच्या काही वर्षांतच अनेक आवृत्त्या निघाल्या. १९२७ च्या जुलैत ब्रेस्लाऊमध्ये जर्मन अंतराळप्रवास संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत तो होता. पुढे याच संघटनेत वेर्नर फॉन ब्राउन नावाचा एक तरुण आला.

व्हॅलिएने अवकाशाकडे जाण्याच्या चार पायऱ्या आखल्या होत्या. पहिली, इंजिन जमिनीवर बांधून त्याच्या चाचण्या. दुसरी, रॉकेटवर चालणारी जमिनीवरची वाहने. तिसरी, रॉकेटची विमाने. चौथी, अवकाशयान. क्रम अगदी शहाणपणाचा होता. अडचण पैशाची होती. बाकावर बांधलेले नळकांडे पाहायला तिकीट काढून कोण येणार, आणि त्यासाठी कोणता कारखानदार थैली सोडणार?

थैली सोडली फ्रिट्झ फॉन ओपेलने. मोटारी बनवणाऱ्या घराण्यातला हा तरुण वारस प्रसिद्धीच्या शोधात होता. बुडत्या जहाजांकडे दोर फेकण्यासाठी दारूची रॉकेटे बनवणारा फ्रीडरिख झांडर त्यांना मिळाला. ११ एप्रिल १९२८ ला पहिली रॉकेट-मोटार धावली. २३ मे रोजी बर्लिनच्या आव्हुस रस्त्यावर स्वतः ओपेलने २४ रॉकेटे लावलेली गाडी ताशी सुमारे २३० किलोमीटरने पळवली. लोक वेडे झाले, चित्रफिती जगभर गेल्या. पण ही सगळी बंदुकीच्या दारूची रॉकेटे. एकदा पेटली की ना कमी करता येत, ना बंद करता येत. अवकाशात जाण्यासाठी त्यांचा उपयोग नाही, हे ओबेर्थच्या पुस्तकात स्पष्ट होते आणि व्हॅलिएलाही ते ठाऊक होते. म्हणजे पहिली पायरी तशीच सोडून तो दुसरीवर उडी मारून बसला होता. संघटनेतल्या काही जणांना हा तमाशाच वाटे. त्यांचे फारसे चुकले नव्हते, तरी त्या तमाशामुळेच रॉकेट हा शब्द घराघरात गेला, हेही खरे.

ओपेलशी त्याचे लवकरच बिनसले. मग व्हॅलिएने दुसऱ्या एका दारू कारखानदाराला गाठून रुळांवरच्या रॉकेट-गाड्या केल्या. १९२९ च्या फेब्रुवारीत गोठलेल्या स्टार्नबर्ग सरोवरावर त्याची माणूस नसलेली रॉकेट-घसरगाडी ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास पोचली. विक्रम झाला. पुढे काय, याचे उत्तर मात्र दारूत नव्हतेच.

१९२९ च्या शेवटी तो बर्लिनच्या ब्रिट्झ भागातल्या पाउल हायलांट यांच्याकडे गेला. हायलांट यांची कंपनी वायू थंड करून त्यांचे द्रव बनवण्यात आणि ते द्रव टाक्यांमधून वाहून नेण्यात वाकबगार होती. द्रवरूप ऑक्सिजन त्यांच्या घरचा. त्यांनी जागा, साहित्य आणि वॉल्टर रीडल नावाचा तरुण अभियंता दिला. जानेवारी १९३० मध्ये व्हॅलिए अखेर स्वतःच आखलेल्या पहिल्या पायरीवर आला.

द्रव इंधनाच्या इंजिनात दोन टाक्यांतून दोन द्रव एका छोट्या ज्वलनकक्षात शिरतात. ऐकायला सोपे वाटते. पण कक्षात आग पेटली की आतला दाब वाढतो आणि येणाऱ्या द्रवाला तो मागे ढकलू पाहतो. टाकीतला दाब त्याहून जास्त ठेवावाच लागतो. घाटावरच्या धरणांचे पाणी खोपोलीच्या वीजकेंद्रात सुमारे ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा नळाच्या तोंडाशी वातावरणाच्या जवळजवळ ५० पट दाब असतो. तिथे निदान पाणी असते आणि समोर फिरणारे चाक. इथे समोर आग. शिवाय एक द्रव उणे १८३ अंश सेल्सिअसचा आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर पोलाद वितळवणारी ज्वाळा. दोन द्रव नीट मिसळले नाहीत किंवा पेट घ्यायला क्षणभर उशीर झाला, तर तेवढ्या वेळात कक्षात न जळलेले मिश्रण साचते. मग ते एकदम पेटते, आणि इंजिनाचा बॉम्ब होतो.

व्हॅलिएच्या पहिल्या इंजिनांचा जोर ग्रॅमांत मोजावा इतका होता, पुढे तो किलोंत गेला. मोजण्यासाठी तराजूच वापरत. इंजिन जेवढे ढकलेल, तेवढी वजने ठेवायची. त्यासाठी माणूस जळत्या इंजिनाच्या शेजारी उभा राही आणि तो माणूस बहुतेक वेळा व्हॅलिए स्वतः असे. मधे भिंत नव्हती. एप्रिलमध्ये अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारे इंजिन बसवलेली मोटार धावली. द्रव इंधनाच्या रॉकेटवर मोटार धावण्याची ती पहिलीच वेळ.

इथे थांबून महिनाभर चाचण्या केल्या असत्या तर? पण मे महिन्याच्या अखेरीस बर्लिनमध्ये प्रात्यक्षिक दाखवायचे होते. शिवाय अल्कोहोलऐवजी आता केरोसिन वापरायचे होते आणि कक्ष फार तापू नये म्हणून त्यात पाणी मिसळायचे होते. केरोसिन व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे स्वयंपाकघरातही माहीत असते. घुसळून त्यांचे दुधाळ मिश्रण करता येते, पण ते सारखे राहीलच याची खात्री नाही. शनिवारी, १७ मेच्या संध्याकाळी या मिश्रणावर चाचण्या चालल्या होत्या. आणखी एक करून पाहू म्हणून पुन्हा इंजिन पेटवले. ते फुटले. पोलादाचा एक तुकडा व्हॅलिएच्या छातीत घुसला आणि त्याने फुप्फुसाकडे रक्त नेणारी धमनी कापली. हृदयाची उजवी बाजू शरीरभरातून आलेले सगळे रक्त याच वाटेने फुप्फुसांत पाठवते. विश्रांतीतही मिनिटाला सुमारे पाच लिटर. ती वाट फुटली की मदतीला मिनिटेच उरतात. त्या काळी तर छाती उघडून ती शिवण्याची सोयच नव्हती. व्हॅलिए तिथेच गेला. वय ३५. त्याच्या मागे पत्नी हेडविग होती.

रॉकेट चाचण्यांवर कायद्याने बंदी घाला, अशी मागणी जर्मनीत झाली. कायदा झाला नाही. हायलांट यांच्याकडे रीडल आणि आर्थर रुडॉल्फ यांनी इंजिन नव्याने बेतले आणि १९३१ मध्ये मोटार पुन्हा लोकांपुढे धावली. नफा दिसेना, तेव्हा कंपनीने तो नाद सोडला. अंतराळप्रवास संघटनेने त्याच वर्षी, १९३० च्या सप्टेंबरात, बर्लिनजवळ दारूगोळ्याचे एक जुने कोठार भाड्याने घेतले. तिथे मातीचे जाड बांध होते. इंजिन बांधाच्या एका बाजूला आणि माणसे दुसऱ्या बाजूला. रीडल आणि रुडॉल्फ पुढे नाझी जर्मनीच्या व्ही-२ क्षेपणास्त्रावर काम करू लागले. ती क्षेपणास्त्रे छळछावणीतल्या कैद्यांच्या हातून बनवून घेतली गेली. रुडॉल्फ युद्धानंतर अमेरिकेत गेला आणि चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ चा प्रकल्पप्रमुख झाला. ओपेलच्या रस्त्यावरून सुरू झालेली वाट अशी वेड्यावाकड्या वळणांनी गेली.

खासगी कंपन्यांची रॉकेटे जमिनीवर आजही फुटतात. जुलै २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावे इथे स्केल्ड कंपोझिट्स कंपनीच्या आवारात इंजिन न पेटवताच केलेल्या चाचणीत स्फोट झाला आणि तीन कर्मचारी दगावले. जून २०२४ मध्ये चीनच्या गोंगयी शहराजवळ एका खासगी कंपनीचे रॉकेट चाचणी चालू असताना बांधलेल्या जागेवरून सुटले, वर गेले आणि जवळच्या डोंगरात कोसळले. जून २०२५ मध्ये स्पेसएक्सचे स्टारशिप टेक्सासमधल्या चाचणीस्थळी इंजिने पेटवण्याआधीच आगीच्या लोळात गेले. शेवटच्या दोन्ही घटनांत कुणी मेले नाही, कारण भोवतालची जागा आधीच रिकामी केलेली होती.

रसायनीच्या लोकांना हा प्रश्न वेगळ्या रूपात ठाऊक आहे. तिथे इंजिने पेटवत नाहीत, पण रसायन तेच. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या कारखान्याच्या आवारात वायुगळती झाली आणि झाडांवरची माकडे व कबुतरे मेली. नायट्रोजनच्या या तपकिरी-लालसर वायूंचा स्वभाव फसवा आहे. श्वासात गेल्यावर थोडा खोकला, डोळ्यांची चुरचुर आणि मग बरे वाटते. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून असा वायू हुंगलेल्या माणसाला बरा दिसतो म्हणून घरी पाठवत नाहीत, दवाखान्यात नजरेखाली ठेवतात. १९७५ मध्ये पृथ्वीवर परतताना अपोलो यानात हाच वायू शिरला, तेव्हा तिन्ही अंतराळवीरांना होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवावे लागले होते. तिघेही बरे झाले.

व्हॅलिएच्या नावाचे एक विवर चंद्रावर आहे. ते चंद्राच्या पलीकडच्या बाजूला असल्यामुळे पृथ्वीवरून कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही. ते पाहायचे तर तिथवर यानच पाठवावे लागते.