लाला दीनदयाळ आणि माझा सेकंडहँड कॅमेरा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत मी एक कॅमेरा पाहिला आणि सबमिशन, व्हायवा सगळं विसरले. सागवानी पेटी, पितळेचे स्क्रू, मागे दुधी काच, मध्ये हार्मोनियमसारखा काळा भाता आणि खाली चाकं लावलेला भक्कम स्टँड. उंची जवळजवळ माझ्या खांद्याएवढी. स्टुडिओच्या काकांनी किंमत सांगितली पंधरा हजार. माझी रूम पार्टनर म्हणाली की एवढ्यात चांगला मोबाईल येतो आणि तो खिशातही मावतो. तिचं काही चुकलं नव्हतं.

पण मला तो हवा होता वेट प्लेटसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (आणि माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!). १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रज माणसानं ही पद्धत जाहीर केली. स्वच्छ घासलेल्या काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये काही मिनिटं बुडवायची आणि ओली असतानाच होल्डरमध्ये घालून कॅमेऱ्याला लावायची. लेन्सचं टोपण काढायचं, काही सेकंद मोजायचे, टोपण परत लावायचं. मग लगेच अंधारात जाऊन हिराकशीच्या पाण्यानं डेव्हलप करायचं. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत, काच वाळायच्या आत. आपल्याकडच्या मे महिन्यात तर तेवढीही सवलत नाही. म्हणून त्या काळचे फोटोग्राफर जिथे जातील तिथे तंबू, बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या बैलगाडीतून किंवा हमालांच्या डोक्यावरून नेत. शिवाय काच जेवढी तेवढाच फोटो, कारण काच कागदावर ठेवून उन्हातच प्रिंट काढत. मोठा फोटो पाहिजे तर मोठी काच, आणि मोठी काच म्हणजे मोठा कॅमेरा.

त्याच सुट्टीत अकोल्याला घरी गेले तर जुन्या शहरात एका ओळखीच्यांच्या माळ्यावर दुसरा कॅमेरा निघाला. हा घडी होणारा, हातात धरून नेता येईल असा, हाफ प्लेटचा, म्हणजे साधारण पावणेपाच बाय साडेसहा इंचांची काच. भात्याला भोकं, एक बिजागरी गायब, लेन्सवर बुरशीचे ठिपके. सहा हजार सांगितले. एक मोठा, देखणा आणि चालू. दुसरा छोटा, फाटका आणि स्वस्त. महिनाभर माझा काही निर्णय होईना. त्याच काळात लायब्ररीत भारतातल्या जुन्या फोटोग्राफीवरचं एक जाड पुस्तक सापडलं आणि त्यात लाला दीनदयाळ भेटले.

नाव मी ऐकलं होतं. राजे-महाराजांचे फोटो काढणारे म्हणून. पण ते इंजिनिअर होते हे कुणी सांगितलंच नव्हतं! १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी जैन जवाहिरांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा सोडून ते रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. २००१ पासून त्याच संस्थेला आपण आयआयटी रुडकी म्हणतो. १८६६ साली ते इंदूरला पब्लिक वर्क्स खात्यात हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. म्हणजे प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, चुना किती, विटा किती. आपल्या सिव्हिलवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको.

इंदूर म्हणजे होळकरांचं. आम्हा अकोलेकरांना तर ते परकं वाटतच नाही, कारण पुढे अकोल्यावरून खांडवा-इंदूरकडे मीटरगेजची लाईन झाली आणि माझे बाबा लहानपणी त्याच गाडीनं आत्याकडे जायचे. तीच लाईन दुसऱ्या बाजूनं हिंगोली, पूर्णा करत हैदराबादकडे जाई. दीनदयाळांच्या आयुष्यातली दोन शहरं, इंदूर आणि सिकंदराबाद, अशी आमच्या स्टेशनातून जोडली गेली. अर्थात त्यांच्या हयातीत ही लाईन नव्हती.

आठ वर्षं नोकरी झाल्यावर, १८७४ साली, म्हणजे तिशीत, त्यांनी कॅमेरा हातात घेतला. तेव्हा बाजारात कोरड्या तयार प्लेट सहज मिळत नव्हत्या. शिकायचं ते ओल्या काचेवरच. सर हेन्री डेली हे तेव्हा मध्य भारतातले व्हाइसरॉयचे एजंट. इंदूरचं डेली कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांनी आणि महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी दीनदयाळांना प्रोत्साहन दिलं. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आला, त्या दौऱ्याचे फोटो त्यांनी काढले. शिकायला लागून अजून दोन वर्षंही झाली नव्हती. आपल्याला दोन वर्षांत एम-थ्री सुटत नाही!

मात्र नोकरी त्यांनी सोडली नाही. दिवसा एस्टिमेट, आणि दौरा किंवा रजा मिळाली की कॅमेरा. डेलींबरोबर ते बुंदेलखंडात फिरले. १८८२-८३ मध्ये पुढचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंच्या दौऱ्यावर गेले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची, ओरछा, दतिया. त्या फोटोंचं पुस्तक १८८६ साली निघालं. मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो या फोटोंवर. का ते सांगते.

फर्स्ट इयरला ग्राफिक्सच्या सरांनी आम्हाला एलेव्हेशन काढताना उभी रेघ उभीच आली पाहिजे म्हणून किती शीट फाडायला लावल्या ते आठवतं ना? दीनदयाळांच्या देवळांच्या आणि राजवाड्यांच्या फोटोत प्रत्येक खांब सरळ उभा आहे. आपण मोबाईल वर करून देवळाचं शिखर घेतो तेव्हा देऊळ मागे झोपल्यासारखं दिसतं, भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. कारण कॅमेरा तिरपा केला की आतला प्रोजेक्शन प्लेन तिरपा होतो. इलाज एकच. काच ओळंब्यात उभी ठेवायची आणि कॅमेरा न वाकवता फक्त लेन्सची फळी वर सरकवायची. घडीच्या फील्ड कॅमेऱ्याला ही सोय असते. पितळेचा एक स्क्रू सैल केला की पुढची फळी वर-खाली होते. बाकी फोटोग्राफर आधी चेहऱ्यांचे असतात आणि मग इमारतींकडे वळतात. दीनदयाळ आधी ड्राफ्ट्समन होते. माझा तर्क असा की ड्रॉइंग बोर्डवर आठ वर्षं घालवलेल्या माणसाला दुधी काचेवर उलटं पडलेलं चित्र वाचायला फार त्रास झाला नसावा. ती काच म्हणजे बोर्डच, फक्त डोक्यावर काळं कापड घ्यायचं.

१८८५ च्या सुमारास त्यांनी लांब रजा घेतली आणि पुढे नोकरी सोडलीच. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी फोटोग्राफर झाले, व्हाइसरॉयकडूनही नेमणूक मिळाली. १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ, १८९६ मध्ये मुंबईत आणखी एक मोठा स्टुडिओ. हाताखाली पन्नासच्या वर माणसं. एव्हाना कोरड्या प्लेट आल्या होत्या, तंबू-बाटल्यांचा संसार सुटला होता. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले. १८९४ मध्ये निजामानं राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. फौजेच्या कवायती, शिकारी, मेजवान्या, दुष्काळी मदतकामं, नबाबांची मुलं, सगळं त्यांच्या काचेवर आलं.

यातली एक गोष्ट मला मुलगी म्हणून जास्त भावली. पडद्यातल्या बायका पुरुष फोटोग्राफरसमोर कशा येणार? तर १८९२ साली त्यांनी हैदराबादला उंच भिंतींच्या आत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तिथे सगळं काम केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे दिलं. कॅमेऱ्यामागेही बाई, पुढेही बाई. आमच्या हॉस्टेलच्या गेटवर व्हिजिटर रजिस्टर भरताना मला हे हमखास आठवतं.

आणि एक आपल्या वऱ्हाडची गोष्ट. वऱ्हाड मूळ निजामाचं. १८५३ च्या तहानं ते फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पण मालकी कागदोपत्री निजामाचीच राहिली. १९०२ च्या मार्च-एप्रिलमध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादला आला. कर्झन पती-पत्नी मेलेल्या वाघामागे उभे आहेत तो प्रसिद्ध फोटो याच दौऱ्यातला, दीनदयाळांच्या स्टुडिओचा. पण त्या दौऱ्याचं खरं काम वाघाचं नव्हतं. कर्झननं तिथेच निजामाशी वऱ्हाडची बोलणी केली आणि नोव्हेंबरमध्ये करार झाला. वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांना कायमचं भाडेपट्ट्यानं. पुढच्या वर्षी आपण मध्य प्रांताला जोडले गेलो. फोटोत वाघ दिसतो, अमरावती-अकोला दिसत नाही. पण सौदा आपला चालला होता.

शेवट मात्र चटका लावणारा आहे. १९०४ मध्ये धाकटा मुलगा धरमचंद गेला आणि १९०५ च्या जुलैमध्ये दीनदयाळ गेले. एवढा मोठा कारभार त्यांच्यामागे तसा राहिला नाही. उरल्या त्या काचा. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं त्यांच्या घराण्याकडून २८५७ काचेच्या निगेटिव्ह घेतल्या. २००६ मध्ये पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं.

तर माझा प्रश्न सुटला तो असा. त्यांच्या आयुष्याचे सरळ दोन भाग पडतात. इंदूरचा भाग घडीच्या कॅमेऱ्याचा, स्वतः उन्हात उभं राहण्याचा. सिकंदराबाद-मुंबईचा भाग स्टुडिओचा, जिथे लोक चालत कॅमेऱ्याकडे येतात. अमरावतीचा तो देखणा कॅमेरा दुसऱ्या भागातला होता. त्याची लेन्सची फळी जागची हलत नाही आणि तो जिन्यावरून उतरवायलाच चार माणसं लागली असती. माझ्याकडे ना स्टुडिओ, ना चालत येणारे लोक. मी अकोल्याचा फाटका घेतला, घासाघीस करून साडेचार हजारात.

घ्यायच्या आधी रात्री लाईट घालवून भात्यात टॉर्च लावून पाहिला. तारांगण दिसलं! पण भाता शिवता येतो. एका बॅगा शिवणाऱ्या काकांनी आतून काळं कापड चिकटवून दिलं. लेन्सला शटर नाही, ते लागतच नाही, सेकंदांचा हिशेब टोपणानं होतो. बुरशी वरवरची निघाली, पुसली गेली. लेन्सची फळी गुळगुळीत वर सरकते हे सगळ्यात आधी तपासलं. खरी अडचण निघाली होल्डरची. वर्कशॉपच्या व्हर्नियरनं मोजलं तर दुधी काच आणि होल्डरमधली काच यांच्या जागेत दीड मिलीमीटरचा फरक. म्हणजे फोकस करायचा एका ठिकाणी आणि फोटो पडायचा दुसऱ्याच. सुतारकाकांकडून होल्डरच्या आतली पट्टी घासून घेतली. सिल्व्हर नायट्रेट ठिबकून लाकूड खाऊन टाकतं, म्हणून वरून लाखेचे दोन हात दिले.

बाबांना मी दीनदयाळांची गोष्ट मोठ्या आशेनं सांगितली. वाटलं, प्लेसमेंटचा विषय जरा मागे पडेल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की नोकरी लागल्यापासून किती वर्षांनी सोडली म्हणे. मी हिशेब केला, जवळजवळ वीस. मग ठीक आहे, तूही तेव्हाच सोड, म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

पहिली काच अचलपूरच्या हौज कटोऱ्याची घ्यायची ठरवलं आहे. पाण्यात उभी अष्टकोनी इमारत, म्हणजे उभ्या रेघांची परीक्षाच. पण कलोडियनमध्ये इथर असतं आणि रेक्टर मॅडमनी ते हॉस्टेलमध्ये आणायला साफ नकार दिला आहे. केमिस्ट्री लॅबमागची रिकामी स्टोअररूम मिळावी म्हणून अर्ज केलाय. फिक्सिंगला त्या काळच्यासारखं सायनाईड नाही, साधा हायपोच वापरणार, असं त्यात अंडरलाईन करून लिहिलं आहे. अर्ज दोन आठवडे एचओडी सरांच्या टेबलावर आहे.