मिसेस हीलिसची शेतं

मे महिन्यातला लाँग वीकएंड जवळ आला की आमच्याकडे रीतसर मीटिंग बसते. अजेंडा एकच, जायचं कुठे? या वेळी आमच्या सात वर्षांच्या लेकीने एकमताने (म्हणजे स्वतःच्या एका मताने) ठराव पास केला की पीटर रॅबिटच्या घरी जायचं. आम्ही मँचेस्टरजवळ राहतो, त्यामुळे लेक डिस्ट्रिक्टला चार-पाच वेळा तरी जाऊन आलो होतो. बोटीत बसलो, वर्ड्सवर्थचं घर पाहिलं, पण सशाच्या घरी काय बघायचं म्हणून ते गाव दरवेळी राहून गेलं होतं. माझ्या डोक्यात तर भलतंच काही चालू होतं. वाईजवळच्या गावची आमची अडीच एकर जमीन विकायची म्हणून काकांनी कुलमुखत्यारपत्राचे कागद पाठवले होते आणि ते सहीविना लॅपटॉपच्या बॅगेत पडून होते.

बोनेसला गाडीसकट फेरीत चढायचं, विंडरमियर तळं ओलांडायचं आणि अरुंद रस्त्याने दोनेक मैल गेलं की निअर सॉरी नावाचं चिमुकलं गाव लागतं. तिथलं हिल टॉप हे घर बिअॅट्रिक्स पॉटरचं. घर लहान, म्हणून एका वेळी थोडेच लोक आत सोडतात. आम्ही अर्ध्या तासात बाहेर आलो. पण त्या बाईची गोष्ट माझ्या मागे लागली ती लागलीच. घरी आल्यावर वाचत गेलो. त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो.

बिअॅट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनच्या केन्सिंग्टनमधला. घरचं उत्तम. आजोबांचा आमच्या मँचेस्टरजवळ ग्लॉसपला कापडछपाईचा मोठा कारखाना होता. वडील बॅरिस्टर, पण त्यांना पोटासाठी वकिली करायची गरजच नव्हती. शाळेत तिला कधी घातलं नाही, शिकवायला घरीच बाई येत. खेळायला एकच, सहा वर्षांनी धाकटा भाऊ बर्ट्रम. दोघं मिळून ससे, उंदीर, साळू, वटवाघळं काय वाट्टेल ते पाळायची आणि त्यांची चित्रं काढायची.

१८८२ च्या उन्हाळ्यात पॉटर मंडळींनी विंडरमियरच्या काठावरचा रे कॅसल भाड्याने घेतला. नावाला किल्ला, पण खरं तर हौशी श्रीमंताने किल्ल्यासारखी बांधलेली हवेली. सोळा वर्षांच्या बिअॅट्रिक्सला हा मुलूख जो आवडला तो कायमचा. तिथले पाद्री हार्डविक रॉन्स्ली घरी येत. या डोंगरांवर आणि तळ्यांवर जीव असलेला हा माणूस. पुढे १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांपैकी ते एक.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. साधारण पंधराव्या वर्षापासून तिशीपर्यंत ती रोजनिशी लिहायची, तीही स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत! ती मेल्यानंतरही कोणाला वाचता येईना. लेस्ली लिंडर नावाच्या इंजिनिअरने अनेक वर्षं डोकं खाजवलं. अखेर १९५८ च्या ईस्टरला एका ओळीत त्याला रोमन सोळा आणि १७९३ हे आकडे दिसले. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा शिरच्छेद त्याच वर्षीचा! तो धागा धरून त्याने अख्खी लिपी सोडवली. आत स्फोटक काही निघालं नाही. पाहिलेली चित्रं, ऐकलेल्या गप्पा, स्वतःची मतं. एवढं लिहायलासुद्धा त्या घरात मुलीला कुलूप लावावं लागत होतं, हे मात्र मला फार लागलं.

चित्रं काढता काढता ती अळंब्यांच्या अभ्यासात शिरली. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू रुजवून पाहिले, शेकडो चित्रं काढली. क्यू गार्डन्सच्या बड्या लोकांनी तिला फारसं जवळ केलं नाही. १८९७ मध्ये तिचा निबंध लिनियन सोसायटीपुढे ठेवला गेला, पण बायकांना बैठकीत प्रवेशच नव्हता. दुसऱ्याच्या हाती कागद देऊन ही घरी. निबंध पुढे तिने परत घेतला, छापला गेलाच नाही. शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, सोसायटीने झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

ससा आला तो एका पत्रातून. घरी शिकवायला येणाऱ्या अॅनी मूर यांचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. सप्टेंबर १८९३ मध्ये त्याला करमावं म्हणून बिअॅट्रिक्सने चित्रं काढून एका खोडकर सशाची गोष्ट पाठवली. पुढे त्याचंच पुस्तक करायचं ठरलं, तर प्रकाशक नाही म्हणाले. मग बाईने १९०१ मध्ये पदरच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. ते पाहून वॉर्न कंपनी पुढे आली आणि १९०२ मध्ये रंगीत चित्रांचं पुस्तक निघालं. लहान मुलाच्या हातात मावेल असा आकार आणि परवडेल अशी किंमत, यावर ती अडून बसली होती. १९०३ मध्ये तिने पीटरच्या बाहुलीचं पेटंटही नोंदवलं. मर्चंडायझिंग हा शब्द आपण ऐकायच्या किती तरी आधी!

पुस्तकांच्या कामात वॉर्न घराण्यातला धाकटा मुलगा नॉर्मन आणि ती रोज पत्रं लिहीत. जुलै १९०५ मध्ये त्याने लग्नाची मागणी घातली. ती जवळजवळ एकोणचाळीस वर्षांची होती. तरी घरच्यांचा विरोध, कारण काय, तर मुलगा धंदेवाल्यांचा! ज्यांचं सगळं वैभव कापडाच्या कारखान्यातून आलं, ते हे म्हणतात. आपल्याकडच्या स्थळं बघण्याच्या गोष्टी आठवल्या की नाही? तिने अंगठी घातली, पण साखरपुडा जाहीर करायचा नाही अशी तडजोड झाली. महिन्याभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेला. वय फक्त सदतीस.

त्याच वर्षी तिने हिल टॉप विकत घेतलं. पुस्तकांचे पैसे आणि मावशी-आत्याकडचा थोडा वारसा. शेत सांभाळणाऱ्या कुटुंबाला तिने घालवलं नाही, त्यांच्यासाठी घर वाढवून घेतलं. पण स्वतःला तिथे सलग राहता येत नव्हतं. लंडनला म्हातारे आईवडील होते आणि लग्न न झालेल्या मुलीने त्यांच्याजवळ राहायचं हे ठरलेलंच. सुटी मिळाली की चार दिवस शेतावर, मग पुन्हा लंडन. जेमिमा बदक, टॉम किटन ही सगळी मंडळी त्याच चार-चार दिवसांतून जन्मली. आमच्या लेकीने पुस्तक हातात धरून तिथला जिना आणि चूल ओळखून काढली.

आणखी जमीन घेताना हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस कागदपत्रं बघत. त्यांनी मागणी घातली. पुन्हा घरी तेच, गावाकडचा वकील आपल्या तोलामोलाचा नाही. तेव्हा बर्ट्रमने बाँब टाकला. आपलं लग्न होऊन अकरा वर्षं झाली, घरी सांगितलं नव्हतं एवढंच! १५ ऑक्टोबर १९१३ ला सत्तेचाळिसाव्या वर्षी बिअॅट्रिक्सचं लग्न झालं. आईवडिलांना तिने टाकलं मात्र नाही. वडील १९१४ मध्ये गेल्यावर आईला तिने विंडरमियरलाच आणलं, आणि आई १९३२ पर्यंत जगली.

इथून पुढे मलाच त्यांना अहो-जाहो करावंसं वाटतं. गावात त्या मिसेस हीलिस. पायात लाकडी तळव्याचे बूट, पाऊस आला की खांद्यावर पोतं. पुस्तकं मागे पडली आणि मेंढ्या पुढे आल्या. हर्डविक ही तिथली काटक जात. यांना कुंपण लागत नाही. आपला डोंगर कुठवर, हे कोकरू आईबरोबर चरता चरता शिकतं. म्हणून शेत विकलं तरी कळप डोंगरावरच ठेवायची रीत आहे. एकदा तो मोडला की हे ज्ञानही जातं. शेतं बंगलेवाल्यांच्या हाती गेली तर पुढे काय, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. १९२३ मध्ये त्यांनी ट्राउटबेक पार्क घेतलं. १९३० मध्ये मंक कोनिस्टनची सुमारे चार हजार एकरांची इस्टेट घेतली, निम्मी ट्रस्टला खरेदीच्याच भावाने दिली आणि वर ट्रस्टतर्फे तिचा कारभारही पाहिला. १९४३ मध्ये हर्डविक पाळणाऱ्यांच्या संघटनेने त्यांना पुढच्या अध्यक्षपदासाठी निवडलं. असा मान मिळणाऱ्या त्या पहिल्याच बाई. पण खुर्चीवर बसण्याआधीच, २२ डिसेंबर १९४३ ला, त्या गेल्या. टॉम स्टोरी या त्यांच्या मेंढपाळाने रक्षा डोंगरावर विखुरली, नेमकी कुठे ते त्याने जाहीर केलं नाही.

मृत्युपत्रात चार हजारांहून जास्त एकर जमीन आणि चौदा-पंधरा शेतं ट्रस्टला दिली, आणि डोंगरावर हर्डविकच राहाव्यात असं लिहून ठेवलं. हिल टॉप १९४६ मध्ये लोकांसाठी उघडलं. २०१७ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट जागतिक वारसा ठरलं. आज आपण तिथे गाडी थांबवून डब्यातली पुरी-भाजी खातो आणि समोरचा मोकळा डोंगर बघतो, त्यात या बाईंचा मोठा वाटा आहे.

परतताना फेरीच्या रांगेत लेकीने विचारलं, बाबा, आपलं शेत आहे का? मी हो म्हणालो. मग तिने पुढचं विचारलं, कुठून कुठपर्यंत? मला सांगता येईना. सातबारावर माझं नाव आहे, पण बांध मी शेवटचा चाललो तो दहावीच्या सुटीत. रात्री बाबांना फोन लावला आणि विक्रीचं काही न बोलता एवढंच विचारलं. त्यांनी पाऊण तास सांगितलं. विहीर, करंजाचं झाड, ओढ्याने खाल्लेला कोपरा, सगळं. लेक कागदावर नकाशा काढत होती.

कागदांवर अजून सही केलेली नाही. डिसेंबरची तिकिटं मात्र काढली आहेत. आधी तिघी पिढ्यांनी मिळून बांधावरून एक फेरी मारायची, मग काय ते ठरवू.